दोन संथ रांगा

परिच्छेद एकतीस मी मोठ्यानं वाचत होते आणि मध्येच थांबले, कारण पुढचे शब्द वाचण्याआधीच मला पाठ होते. मतदान शांततेत चालू होतं, दोन संथ रांगा होत्या, त्यांतली एक खास स्त्रियांच्या सोयीसाठी वेगळी ठेवलेली होती. संथ म्हणजे मूळ इंग्रजीत 'अनहरीड'. हा शब्द मला त्या वेळी फार आवडला होता. 'स्लो' म्हटलं तर तक्रार वाटते आणि 'ऑर्डर्ली' सगळेच लिहितात, म्हणून गाडीच्या बॉनेटवर फॉर्म ठेवून, चांगली दोन मिनिटं घालवून मी तो शोधून काढला होता. सहा वर्षांनी तो क्रॉयडनमधल्या एका चर्चच्या हॉलमध्ये, फ्लोअर पॉलिशच्या वासात, माझ्यासमोर आला होता, तोही दुसऱ्याच्या पत्रात. समोर एलियास बसला होता. पन्नाशीचा माणूस, दोन्ही हात गुडघ्यांवर, नजर माझ्या तोंडाकडे. दर मंगळवारी सकाळी आम्ही चार-पाच रिटायर्ड माणसं या हॉलमध्ये बसतो आणि ज्यांना जमत नाही त्यांना त्यांची सरकारी पत्रं वाचून सोप्या भाषेत सांगतो. एलियासचा आश्रयाचा अर्ज नाकारला होता आणि का नाकारला ते चौदा पानांत लिहिलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, थांबलात का? वाईट आहे?" मी म्हणाले, चष्मा पुसते.

चष्मा पुसायला मी किचनमध्ये गेले आणि सिंकला धरून उभी राहिले. परिच्छेद चौदा मी दहा मिनिटांपूर्वीच वाचला होता, पण वाचताना तो कुणा दुसऱ्याचा होता. तुमचं म्हणणं असं, की मतदानाच्या आदल्या संध्याकाळी तोलेवा गावात ट्रक आले, गावातल्या पुरुषांना त्यांत चढवून कापसाच्या गोदामात नेऊन कोंडलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी बाहेरून आणलेले पुरुष रांगेत उभे राहिले. तुमचं म्हणणं असं, की कोंडण्याआधी पुरुषांनी आपापली मतदानकार्डं बायकांच्या हातात दिली, म्हणजे परदेशी पाहुणे आले तर त्यांना दाखवता येतील. तुमचं म्हणणं असं, की त्यांतले सात जण पुन्हा दिसले नाहीत. तोलेवा हे नाव वाचूनही माझ्या डोक्यात काही वाजलं नव्हतं. त्या दिवशी आम्ही दहा केंद्रं केली होती, आणि गावांची नावं मी फॉर्मवर नंबरानं लिहीत असे. आता सिंकपाशी मला केंद्राचा नंबरही आठवला. म्हणजे नंबर आठवतो आणि गाव आठवत नाही, अशी मी बाई. परत येऊन मी उरलेली पानं वाचून दाखवली. अपील आधीच दाखल झालं होतं, त्याची सुनावणी एकोणीस दिवसांवर होती. ती हरली तर त्याला परत पाठवणार, हे मी त्याला सोप्या भाषेत सांगितलं. ती भाषा इतकी सोपी करता येते याचं मला नेहमी कौतुक वाटत आलं आहे.

ट्रॅममध्ये बसले तेव्हा जिभेवर धूळ आल्यासारखं वाटत होतं. माझी सगळी नोकरी इथल्या कौन्सिलच्या, म्हणजे नगरपालिकेच्या, निवडणूक विभागात गेली. मतदार याद्या, पोस्टल व्होट, कुठल्या शाळेत केंद्र, कुठल्या लायब्ररीत. लोक हसायचे, की एवढं शिकून पेट्या मोजतेस. पण मला ते काम रक्तातूनच आलं होतं. अमरावतीला बाबा शाळामास्तर होते आणि दर निवडणुकीला त्यांची ड्यूटी लागायची. केंद्राध्यक्ष. जायच्या आदल्या दिवशी आई त्यांच्या पिशवीत दशम्या बांधून द्यायची. आमच्याच शाळेत केंद्र असलं की मी पटांगणाच्या कडेला उभी राहून बघायची. बायकांची रांग एकीकडे, पुरुषांची दुसरीकडे. दोन बायका आत गेल्या की एक पुरुष, असा हिशेब बाबा दारातूनच राखायचे. बायकांच्या रांगेत काय गोंधळ असायचा! कुणी पुरुषांच्या रांगेतल्या नवऱ्याला ओरडून चष्मा मागतंय, कुणी कडेवरचं पोर त्याच्याकडे ढकलतंय, कुणाची सासू मध्येच घुसतेय. दोन रांगा म्हणजे मला त्यामुळे लोकशाहीचं घरगुती रूपच वाटतं. इथे आले तेव्हा केंद्रावर सगळे एकाच रांगेत चिडीचूप उभे बघून मला चुकल्याचुकल्यासारखं झालं होतं. मग रिटायर व्हायच्या जरा आधी एलियासच्या देशात बारा वर्षांच्या यादवीनंतरची पहिली निवडणूक ठरली. आंतरराष्ट्रीय मिशनला निरीक्षक हवे होते, मी अर्ज केला आणि त्यांनी मला घेतलं. ट्रेनिंगमध्ये पहिलंच वाक्य होतं, निरीक्षकानं फक्त बघायचं, सांगायचं काही नाही. मी मनात म्हटलं, हे मला जमेल, हे मी वयाच्या सातव्या वर्षापासून करते आहे.

माझ्या जोडीला पेक्का होता, फिनलंडचा, रिटायर्ड वनाधिकारी. दोन देशांची दोन माणसं, एक गाडी, एक दुभाषा, आणि प्रत्येक केंद्राला अर्धा तास. तोलेवाला आम्ही दहा वाजून पाच मिनिटांनी पोचलो. काळी माती, लांबट शाळा, आणि शाळेपासून थोड्या अंतरावर पत्र्याचं मोठं गोदाम. त्याच्या सावलीत ड्रायव्हरनं गाडी लावली. दार उघडलं तर सरकीचा वास आला आणि मला एकदम भरूनच आलं. अमरावतीला आमच्या घरामागे जिनिंग होतं. इतक्या लांब, कुठल्या कुठे, तोच वास. मी पेक्काला हे सांगितलंसुद्धा. गोदामाच्या दाराशी दोन शिपाई बंदुका मांडीवर घेऊन बसले होते. त्यांतला एक उठला, स्वतःचं स्टूल त्यानं हातानं झाडलं आणि मला बसायला दिलं. मी त्यावर बसून बूट झटकले, पाणी प्यायले, त्याला थँक्यू म्हणाले. त्याचा चेहरा मला आजही जसाच्या तसा आठवतो. डाव्या भुवईत तुटलेली रेघ, आणि हसताना वरची हिरडी दिसायची. त्याच्या पाठीमागे, पत्र्याच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर एलियास बसलेला होता. आवाज आला नाही का, असं मी स्वतःला ट्रॅममध्ये विचारलं. आला नाही. की आला आणि मी तो गोदामाचाच धरला, ते मला सांगता येत नाही. माझं स्टेशन कधी गेलं ते कळलंच नाही, आणि दोन स्टॉप पुढे उतरून मी चालत मागे आले.

पटांगणात दोन रांगा होत्या, एक बायकांची, एक पुरुषांची. पेक्का दारातच थांबला आणि म्हणाला, हे वेगळे का उभे आहेत? सकाळपासून तीन केंद्रं झाली, कुठेच असं नव्हतं. मी हसले. मी त्याला समजावून सांगितलं, की आमच्याकडे भारतात असंच असतं, बायकांना मोकळं वाटतं, धक्काबुक्की होत नाही, ही चांगली सोय आहे. जगातल्या सगळ्यांत मोठ्या लोकशाहीतून आले आहे, असंही बहुधा म्हणाले असेन. तो म्हणाला, पण कुणी कुणाशी बोलत नाहीये. मी म्हणाले, शिस्त आहे. शिस्त! बाबांच्या केंद्रावर कधी शिस्त होती? इतकं बघितलेलं, इतकं डोळ्यांत तेल घालून बघायला आलेली मी. बायकांच्या रांगेतल्या एकीनंही पुरुषांच्या रांगेकडे मान वळवली नव्हती, कुणी चष्मा मागितला नव्हता, कुणी पोर दिलं नव्हतं, कारण तिकडे त्यांचं कुणी नव्हतंच. माझ्या समोर दोन रांगा होत्या आणि मला दिसत होती अमरावती. आम्ही उंटावरून शेळ्या हाकायला गेलेलो नव्हतो, उतरून, पायी चालून, जवळ जाऊन बघत होतो, आणि तरी हे झालं.

आणि कार्डं. हे मी घरी पोचेपर्यंत आठवायचं टाळत होते, पण किल्ली लावताना ते आलंच. बायकांच्या हातात दोन-दोन कार्डं होती. सगळ्यांच्या नाही तरी बऱ्याच जणींच्या. एक बाई रांग सोडून माझ्याकडे आली. तिनं दोन्ही कार्डं माझ्यासमोर धरली, पत्ते धरतात तशी नाही, अगदी सरळ, छातीपाशी, आणि काही बोलली नाही. दुभाषा आत होता. मला वाटलं, हिला नवऱ्याचंही मत टाकायचंय. नवरा शेतावर गेला असेल. बाबांच्या केंद्रावर दर वेळी अशा दहा बायका यायच्या, गुरुजी, ह्यांचंबी मी टाकू का, आणि बाबा समजूत घालून त्यांना परत पाठवायचे. घरचे सगळे कागद बाईच्याच पिशवीत असतात. आमच्याही घरी माझ्या नवऱ्याचा, श्रीकांतचा, पासपोर्ट माझ्याच पर्समध्ये. मला ती बाई एकदम आपली वाटली. पण निरीक्षकानं सल्ला द्यायचा नाही. म्हणून मी तिच्याकडे बघून प्रेमानं मान हलवली आणि हातानं तिला दाखवलं, तिकडे जा, टेबलापाशी जे साहेब बसलेत त्यांना विचार. ती क्षणभर थांबली. मग गेली. टेबलापाशी जो बसला होता तो कुणाचा माणूस होता, हे आता मला माहीत आहे. तिचं पुढे काय झालं ते माहीत नाही. माझ्या वहीत त्या वेळेसमोर लिहिलेलं आहे: दहा एकवीस, एका मतदार स्त्रीला नियमानुसार केंद्राधिकाऱ्याकडे जायला सुचवलं.

आमच्या फॉर्ममध्ये शेवटी एकूण मत द्यायचं असे. फार चांगलं, चांगलं, वाईट, फार वाईट. आम्ही 'चांगलं'वर खूण केली, दोघांनी सह्या केल्या. मिशनचं निवेदन दोन दिवसांत बाहेर पडायचं असतं, मोजणी पुरी व्हायच्याही आधी, आणि तिथल्या ऑफिसात शेकडो रटाळ फॉर्म आले होते. माझं वाक्य कुणाला तरी आवडलं असणार. अहवालात ते जसंच्या तसं आलं, नावाशिवाय, अवतरणात, आणि आता गृहखात्यानं एलियासला खोटं ठरवायला तेच पुरावा म्हणून घेतलं होतं. मी ते श्रीकांतला वाचून दाखवलं. त्या दिवाळीत इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात माझं भाषणही झालं, फराळाच्या आधी, स्लाइडसह. फोटोला केंद्रात परवानगी नव्हती, म्हणून मी गाडीचे, रस्त्याचे आणि सूर्यास्ताचे फोटो दाखवले. शेवटी म्हणाले, की आपल्याकडच्या दोन रांगा मला तिथे भेटल्या. टाळ्या पडल्या. एक आजोबा डोळे पुसत माझ्याजवळ आले होते. मला माझीच शिसारी आली आहे, हे इथे स्पष्ट लिहून टाकते.

श्रीकांत घरीच होता. चाळीस वर्षं भूल देणारा डॉक्टर, त्यामुळे माणूस शांत. त्यानं सगळं ऐकून घेतलं, मग विचारलं, मिशनला काही लिहून दिलं होतंस ना? दिलं होतं. जे पाहिलं ते फक्त मिशनला सांगेन, बाहेर वैयक्तिक विधान करणार नाही, अशी सही होती. तो म्हणाला, मग तू त्यांना एक ईमेल कर आणि मोकळी हो. मी म्हणाले, त्यांचं उत्तर येईपर्यंत सुनावणी होऊन जाईल. तो म्हणाला, "इरा, तू काही खोटं लिहिलं नव्हतंस. दोन रांगा होत्या, त्या शांत होत्या. हे खरंच होतं." आणि तेच तर होतं. एकही शब्द खोटा नव्हता. खोटं लिहिलं असतं तर खोडता आलं असतं. तो चहा करायला उठला. मी वही काढायला माळ्यावर गेले, ती पहिल्याच खोक्यात सापडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेक्काला फोन केला. त्याच्याकडे कुत्रा भुंकत होता. माझं सगळं ऐकून त्यानं त्याला बाहेर काढलं आणि दार लावलं. मग म्हणाला, "मी तुला विचारलं होतं. तू इतक्या खात्रीनं सांगितलंस, की मला माझ्या प्रश्नाचीच लाज वाटली." त्याच्या आवाजात राग नव्हता. मी राग शोधत होते, म्हणजे काहीतरी बोलता आलं असतं. करार मोडून मला एलियासच्या बाजूनं साक्ष द्यायची आहे हे मी त्याला सांगितलं, आणि तो म्हणाला, तू लिही, मी माझं लिहून पाठवतो, आपल्या दोघांना आता पुन्हा कुणी कुठे पाठवणार नाही. हे खरं होतं. जानेवारीतच माझं नाव पुढच्या एका मिशनच्या यादीत आलं होतं आणि मी नवे बूटही घेऊन ठेवले होते. ते जाईल याचं मला वाईट वाटलं, एलियासच्या पत्रासमोरसुद्धा वाईट वाटलं, आणि माणूस किती क्षुद्र असतो ते बघत मी फोन हातात धरून बसून राहिले.

एलियासची केस ऋजुताकडे होती. ही आमच्या मंगळवारांना येणारी वकील. बर्मिंगहॅमला वाढलेली, आईवडील दोघेही डॉक्टर, आणि माझ्याशी हट्टानं मराठी बोलते. तिला मी सगळं सांगितलं तेव्हा तिनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "मावशी, तुम्ही स्टेटमेंट दिला तर केस पूर्ण बदलते. पण त्यांचा लॉयर तुम्हाला उभं करून विचारणार, तेव्हा का नाही दिसला, आता कसा दिसला. तुम्हाला ते ओके आहे?" मी म्हणाले, आहे. "आणि एलियासला आधी सांगायला लागेल, तुम्ही कोण आहात ते. तो नाही म्हणाला तर नाही." हे मला सुचलंच नव्हतं. मिशन, करार, श्रीकांत, पेक्का, या सगळ्यांना मी मनात उत्तरं देऊन बसले होते. ज्याचं पत्र होतं त्याला तोंड द्यायचं आहे, हे माझ्या यादीतच नव्हतं.

मंगळवारी तो आला. बाहेर ऊन होतं आणि हॉलचे दोन्ही दरवाजे उघडे होते. ऋजुता बाजूला बसली. मी इंग्रजीत सांगितलं, सोपं करून नाही, जसं आहे तसं. परिच्छेद एकतीसमधलं वाक्य माझं आहे. मी त्या दिवशी तोलेवाला होते. गाडी गोदामाच्या सावलीत होती. दोन रांगा बघून मी चुकीचा अर्थ लावला, कारण मी माझ्या गावाकडे बघत होते. शिपायाचं स्टूलही सांगितलं. दोन कार्डं घेऊन आलेल्या बाईचं सांगताना मला पाणी प्यावं लागलं. तो शिव्या देईल, उठून जाईल, असं काहीतरी मी धरून चालले होते. खरं म्हणजे मला ते हवं होतं. तो तसाच गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. मग त्यानं विचारलं, "किती वाजता होतात तुम्ही तिथे?"

मी वही उघडली. दहा पाच ते दहा पस्तीस.

"रोझिन त्याच वेळी जाते," तो म्हणाला. जाते, असंच म्हणाला. "माझी बायको. सकाळचं काम आटपून जाते. उंच आहे, डोक्याला निळा रुमाल. माझं कार्ड तिच्याकडे होतं." त्या संध्याकाळी ट्रकमध्ये चढताना त्यानं तिला पाहिलं ते शेवटचं, एवढं मला त्याच्या कागदांवरून माहीत होतं. पत्नी बेपत्ता, असे दोन शब्द होते. "तुम्ही तिला पाहिलं असणार, मॅडम. कशी दिसत होती? ठीक होती?"

मी डोळे मिटले. मला पटांगण दिसलं, शाळेची खिडकी दिसली, पेटीच्या सीलचा नंबर दिसला, शिपायाची तुटलेली भुवई दिसली. बायकांची रांग दिसली, सबंध, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि तिच्यात एकही तोंड नव्हतं. जी माझ्यापाशी आली होती तिच्या हातांतली कार्डं दिसत होती, हात दिसत होते, आणि वर काही नाही. रुमाल होता का, निळा होता का, ती उंच होती का. हो म्हणावं, असं इतकं तीव्रतेनं वाटलं की ओठ हललेसुद्धा. हो, निळा रुमाल, उंच, ठीक होती, शांत उभी होती. कुणाचं काय बिघडलं असतं? सहा वर्षं त्या माणसाला कुणी एक वाक्य दिलं नव्हतं. आणि कानाला बरं लागेल असं वाक्य घडवणं मला चांगलं जमतं, ते तर छापून आलेलं आहे.

"मला आठवत नाही," मी म्हणाले. "मी त्यांना मोजलं. चेहरे बघितले नाहीत."

कुणीतरी किचनमध्ये कप विसळत होतं. मग तो म्हणाला, "हेही लिहा."

ऋजुतानं तिथेच लॅपटॉपवर स्टेटमेंट घेतलं, मी वहीतून वेळा आणि आकडे दिले, दोन तास गेले. शेवटचं वाक्य मी सांगितलं ते असं: त्या रांगेत एकशे बारा स्त्रिया होत्या आणि त्यांच्यापैकी एकीचाही चेहरा मी सांगू शकत नाही. ऋजुता टाइप करता करता थांबली. "मावशी, हा सेंटेन्स काढू या. त्याचा केसला यूज नाही. उलट ते म्हणणार, हे आठवत नाही तर बाकीचं कसा आठवतं." ती बरोबरच बोलत होती. मी एलियासकडे पाहिलं. तिनं त्याला इंग्रजीत सगळं समजावलं, हे वाक्य ठेवलं तर धोका कसा आहे तेही.

"राहू दे," तो म्हणाला. "तिथे सगळं जग बघायला आलं होतं. तिला कोणीच पाहिलं नाही."

ऋजुतानं माझ्याकडे बघितलं, मग प्रिंट काढली. मी त्या वाक्याखाली सही केली.